लेखनसाहाय्य हवे, जबाबदारी मात्र आपली

रायगडच्या किनारपट्टीवर अनुभवी वैद्यांची वाण नाही. वाण आहे ती लिखित पुराव्याची. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते छापील आधार दाखविता आले म्हणूनच. औषधनिर्मितीच्या परवान्यासाठीही २०१० च्या नियम १५८-ब नुसार औषधाच्या वर्गाप्रमाणे सुरक्षितता व परिणामकारकतेचे पुरावे द्यावे लागतात.

अशा वेळी संशोधन-प्रस्ताव, शोधनिबंध वा तांत्रिक कागदपत्रांसाठी व्यावसायिक लेखकाचे साहाय्य सशुल्क घेण्यात गैर काहीच नाही. परंतु त्याला भाषा येते, शास्त्र येतेच असे नाही. ‘प्रमेह’ या व्यापक संज्ञेचे त्याने सरसकट ‘मधुमेह’ केले आणि माहितीपत्रकावर ‘मधुमेह समूळ बरा होतो’ असे छापले, तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याचा भंग होतो. त्या कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या वेळी उत्तर लेखकाला नव्हे, फार्मसीच्या मालकाला द्यावे लागेल.

म्हणून चार पथ्ये पाळावीत. रुग्णाच्या नोंदी व निर्मितीची नोंदपत्रके स्वतः ठेवावीत. नसलेली आकडेवारी लेखकाकडून ‘तयार’ करून घेऊ नये. मात्रा, अनुपान व संज्ञा शब्दशः तपासूनच स्वाक्षरी करावी. शोधनिबंधात लेखनसाहाय्याचा ऋणनिर्देश उघडपणे करावा.

शब्द दुसऱ्याचे चालतील. अनुभव आणि सत्य मात्र आपलेच असले पाहिजे.