मूळ किल्ला कुठला?

सातिवलीच्या कारखान्यांचे गाळे मागे टाकून पश्चिमेला वसईच्या किल्ल्यात पोचलो, की दर वेळी एकच प्रश्न पडतो: यातला मूळ किल्ला कुठला? १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी आधी बालेकिल्ला बांधला, मग त्याला पोटात घेऊन दहा बुरुजांचा तट उभारला. सेंट जोसेफ चर्चवरचा लेख १६०१ चा आहे, चर्च मात्र त्याहून जुने. म्हणजे तेही एकदाच बांधून थांबले नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि तटाच्या आत वज्रेश्वरी-नागेश्वराची देवळे आली. चर्चच्या घंटा बाहेर गेल्या; नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ ची घंटा त्याच मोहिमेतली मानतात. इंग्रजी अमलात इथे साखर कारखानासुद्धा निघाला!

इंग्लंडमधल्या लॅकॉक ॲबीचे असेच झाले. १५३९ मध्ये मठ बंद पडला, त्याचे राहते घर झाले. पुढच्या पिढ्यांनी दालने, खिडक्या बदलल्या, पण मठाच्या जुन्या कमानी तळमजल्यावर ठेवल्या. तिथे माणसे नांदत राहिली. आपल्याकडे छपरे गेली, भिंतींत वड-पिंपळ रुजले.

डागडुजी करताना एकच काळ खरा मानून बाकीचे पुसू नका, एवढे मी कळकळीने सांगतो. पोर्तुगीज कमान आणि पेशवाईतले देऊळ, दोन्ही वसईचीच आहेत. हा अंक हातात घेऊन एकदा समुद्राकडच्या दरवाजाने आत शिरा, आणि आधी सेंट जोसेफचा मनोरा पाहा.