मेजावरचा पाषाण

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नांदगाव खंडेश्वर लागते. ज्या खंडेश्वरावरून गावाला नाव मिळाले, त्याचे हेमाडपंती मंदिर काळ्या पाषाणात उभे आहे. भोवतालच्या शिवारात मात्र दगडाला तो मान नाही. वखराला अडणारा धोंडा शेतकरी उचलतो आणि धुऱ्यावर टाकतो. व्यापारी घराण्यांनाही दगड ठाऊक असतो तो कामापुरता. तराजूचा पासंग काढण्यासाठी एखादा खडा लागतो आणि सराफाच्या पेढीवर कसोटी असते. ती काळी कसोटी स्वतः कधी विक्रीस निघत नाही. तिच्यावर सोन्याची रेघ उमटते, कस कळतो आणि दगड पुन्हा आपल्या जागी जातो.

अशा प्रदेशात कोणी म्हणाले की, दगड केवळ पाहण्यासाठी घरात आणावा, त्याच्या मापाची लाकडी बैठक कोरून घ्यावी, त्याला लिहिण्याच्या मेजावर स्थान द्यावे आणि वारसाहक्काने तो नातवाकडे सोपवावा, तर ऐकणाऱ्याला नवल वाटेल. चीनमध्ये ही परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. तेथील विद्वान अधिकाऱ्यांच्या अभ्यासिकेत कागद, शाई व कुंचल्याबरोबर एक पाषाणही असे. डोंगरात जाऊन राहण्याची मुभा नोकरीत नव्हती, म्हणून डोंगरच लहान होऊन मेजावर येत असे.

या पाषाणांची पारख चार लक्षणांवरून होई. अंगाने तो कृश असावा, पृष्ठभागावर सुरकुत्या असाव्यात, पाणी वाहून जाईल अशा वाटा त्यात असाव्यात आणि आरपार छिद्रांतून पलीकडचा प्रकाश दिसावा. सूचौ नगराजवळच्या ताईहू सरोवरातील चुनखडीचे दगड या गुणांसाठी नावाजले, कारण पाण्याने चुना विरघळून त्यांत नैसर्गिक पोकळ्या पडतात. आनह्वेई प्रांतातील लिंगबी येथील गडद दगड टिचकी मारताच घंटेसारखा वाजतो. बाराव्या शतकात दू वान नावाच्या जाणकाराने शंभराहून अधिक प्रकारच्या पाषाणांची सूचीच लिहून ठेवली.

तत्पूर्वी, नवव्या शतकात, कवी बाई ज्युयी याने न्यू संगरू या मंत्र्याच्या संग्रहाविषयी एक निबंध लिहिला. या मंत्र्याने आपल्या दगडांच्या चार प्रती ठरवल्या होत्या. प्रत्येक प्रतीत पुन्हा उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे भेद केले होते आणि त्या त्या दगडावर ती प्रत कोरून घेतली होती. कापसाची प्रत लावणाऱ्या वऱ्हाडी व्यापाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. त्याच निबंधात कवीने एक खंतही व्यक्त केली आहे: शेकडो वर्षांनी हे दगड कोठे विखुरतील आणि ते कोणाचे होते हे तरी कोणाला आठवेल?

जुन्या पाषाणांच्या बाजाराचे मर्म या प्रश्नात आहे. दगडाचे वय लक्षावधी, कोट्यवधी वर्षांचे असते, त्यामुळे केवळ दगड म्हणून तो सारखाच जुना. ज्याला संग्राहक ‘जुना’ म्हणतात, ते त्याचे माणसाच्या सहवासातील वय होय. बैठकीच्या लाकडावरील कोरीव काम कोणत्या काळचे, पृष्ठभागाला हातांच्या स्पर्शाने आलेली झळाळी किती खोल, पूर्वी तो कोणाच्या अभ्यासिकेत होता, यांवर मोल ठरते. मोल जेथे गोष्टीला मिळते, तेथे खोटी गोष्ट रचणाराही असतो. आज नव्या दगडाला छिद्रे पाडून, आम्लाने धुऊन, त्यावर जुने नाव कोरून तो विकला जातो. पूर्वीही ताईहूचे दगड कोरून पुन्हा सरोवरात सोडत, म्हणजे लाटा छिन्नीच्या खुणा पुसून टाकीत. त्यामुळे जाणकार प्रथम छिद्राच्या आतली बाजू पाहतो. पाण्याने केलेली पोकळी आणि हत्याराने केलेली पोकळी आतून वेगळी असते.

या परंपरेतील दोन गोष्टी व्यापारी कुटुंबाने विशेष लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. दोन्ही एकाच राजवंशाच्या काळातल्या आहेत.

पहिली कवी सू शी याची. 1094 मध्ये हद्दपारीच्या वाटेवर असताना हूखौ येथे एका गृहस्थाकडे त्याने नऊ शिखरांचा एक लहान पाषाण पाहिला. तो शंभर सुवर्णमुद्रांना घ्यावा असे त्याच्या मनात आले. परंतु दूर दक्षिणेकडे जाणाऱ्या दंडिताने ते ओझे कोठे न्यायचे? त्याने दगडाला एक नाव दिले, त्यावर कविता रचली आणि तो पुढे निघाला. आठव्या वर्षी, 1101 मध्ये, तो परतला तेव्हा पाषाण दुसऱ्याच कोणीतरी नेला होता. सू शीने पहिल्या कवितेच्याच यमकांवर दुसरी कविता लिहिली. त्याच वर्षी त्याचा अंत झाला. तो पाषाण सू शीच्या मालकीचा एक दिवसही नव्हता, तरी आज त्याचे नाव उरले आहे ते या दोन कवितांमुळे.

दुसरी गोष्ट सम्राट हुईझोंगची. तो स्वतः उत्तम चित्रकार होता आणि त्याचा हस्ताक्षराचा ढंग आजही अभ्यासला जातो. 1117 पासून त्याने राजधानी काइफेंग येथे एक कृत्रिम पर्वत-उद्यान उभारण्यास घेतले. त्यासाठी दक्षिणेतील दगड व झाडे गोळा करण्याचे काम सूचौच्या जू म्येन या अधिकाऱ्याकडे होते. कोणाच्याही अंगणातील सुंदर दगडावर राजमुद्रेचे पिवळे कापड पडले की तो सम्राटाचा होई. धान्य वाहणाऱ्या नावा दगडांसाठी अडकवल्या गेल्या. प्रचंड शिळा पुढे नेण्यासाठी वाटेतले पूल व वेशी पाडल्या गेल्या. 1120 मध्ये दक्षिणेत फांग ला याच्या नेतृत्वाखाली बंड झाले, ते या जुलमाविरुद्ध. बंड मोडले, पण राज्य सावरले नाही. उत्तरेच्या जुरचेन सैन्याने राजधानीला वेढा दिला तेव्हा त्या उद्यानातील जमवलेल्या शिळा फोडून गोफणयंत्रांतून शत्रूवर फेकण्यात आल्या. 1127 मध्ये सम्राट कैद होऊन उत्तरेस नेला गेला आणि 1135 मध्ये बंदिवासातच वारला. सूचौच्या एका उद्यानात साडेसहा मीटर उंचीची एक शिळा आजही उभी आहे. त्याच संग्रहासाठी काढलेली, पण राजधानीस न पोहोचलेली अशी तिची ओळख सांगतात.

रसिकतेत सम्राट कवीहून उणा होता असे म्हणता येणार नाही. भेद होता तो ‘हे सुंदर आहे’ आणि ‘हे माझे असलेच पाहिजे’ या दोन वाक्यांमधला. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येने करून दिली नाही. त्यांनी त्यासाठी मूर्च्छा हा शब्द योजला. वस्तूपाशी शुद्ध हरपणे म्हणजे परिग्रह. हुईझोंगची मूर्च्छा धान्याच्या नावा अडवण्यापर्यंत गेली.

मग श्रावकाने संग्रह करूच नये काय? आगमातील आनंद श्रावकाने सर्वस्व सोडले नव्हते. 4 कोटी सुवर्णमुद्रा निधीत, 4 कोटी व्यापारात आणि 4 कोटी घरसंसारात, एवढी मर्यादा त्याने भगवान महावीरांसमोर घालून घेतली आणि त्यापलीकडचे प्रत्याख्यान केले. परिग्रह-परिमाण व्रताच्या अतिचारांत शेत-घर, सोने-रुपे, धन-धान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ही येते. भांडीकुंडी, वस्त्रे व घरातील इतर सामान त्यात मोडते. शोभेचा दगड याच खात्यात लिहावा लागेल. सोन्याची मर्यादा पाळणाऱ्या घरात हे खाते बहुधा कोरे राहते आणि हौस त्या कोऱ्या पानातूनच आत येते.

दगडाच्या बाबतीत जैन विचार आणखी एक प्रश्न विचारतो. उत्तराध्ययन सूत्राच्या 36 व्या अध्ययनात पृथ्वीकाय जीवांचे भेद सांगताना माती, वाळू, शिळा, धातू आणि रत्नेही मोजली आहेत. भूमीच्या कुशीतला पाषाण हा एकेंद्रिय जीवांचा देह आहे, ही श्रद्धा मानणाऱ्याला खाणीकडे निर्विकार मनाने पाहता येत नाही. श्रावकासाठी वर्ज्य ठरवलेल्या 15 कर्मादानांत भूमी फोडण्याचा व्यवसाय आहे तो त्यामुळेच.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून दख्खनचा बेसाल्ट घडला. थंड होताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि खनिजयुक्त पाणी झिरपून त्यांत स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट आणि अपोफिलाइटचे येथील नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचा गर्द निळा कॅव्हनसाइट तर खनिजप्रेमींच्या विशेष आवडीचा. हे स्फटिक विहिरी खणताना व खडीच्या खाणीत सापडतात आणि पारखी नजर तेथे नसेल तर खडीबरोबर भरडले जातात. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे गारगोटी संग्रहालय के. सी. पांडे यांनी अनेक वर्षे जमवलेल्या अशा नमुन्यांतून उभे राहिले. चिनी विद्वानाचा पाषाण चुनखडीचा आणि आपला स्फटिक बेसाल्टच्या पोटातला. तरी पाहणाऱ्याची नजर एकाच जातीची.

येथे श्रावकाला भेद करता येतो. अन्य कामासाठी निघालेल्या दगडातून भरडला जाणारा नमुना वाचवणे वेगळे आणि मेजाच्या शोभेसाठी खडक फोडवून घेणे वेगळे. घेताना तो कोठून आला, कसा निघाला, हे विक्रेत्याला विचारावे. हिशेबाची वही चोख ठेवणाऱ्याला ही चौकशी अवघड नाही. दुसरी मर्यादा कायद्याची आहे. जुन्या मंदिरांच्या परिसरात पडलेले कोरीव तुकडे हे धुऱ्यावरचे धोंडे नव्हेत. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने शिल्प पुरावस्तू ठरते. असा तुकडा उचलून दिवाणखान्यात मांडणे हे अचौर्य व्रतालाही छेद देणारे आहे. तिसरी मर्यादा संख्येची. किती नमुने, हे पहिला घेण्यापूर्वी ठरवावे आणि नवा आणायचा तर जुना एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा.

नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात पहिल्या पावसानंतर धुऱ्यावरचे दगड धुऊन निघतात. एखाद्याच्या काळ्या अंगावर पांढरी गार चमकते, एखाद्याला पाण्याने पन्हळ पाडलेली असते. त्या वेळी नातवाला घेऊन शेतावर गेलेल्या आजोबांनी थांबून त्यातला एक दाखवावा. मूल तो उचलू पाहील, घरी नेऊ म्हणेल. त्याला मनसोक्त पाहू द्यावे, त्याच्याकडूनच दगडाला एक नाव ठेवून घ्यावे, आणि दगड धुऱ्यावरच राहू द्यावा. पुढच्या पावसाळ्यात तो कोठे आहे हे त्या मुलाला नक्की आठवेल.