खोलीसाठी झाडू : हे वतन मोडा!

मुंबई महापालिका आजही वतन चालवते आहे, आणि ते दलितांच्याच माथी आहे. जुन्या महार वतनात गाव जमिनीचा तुकडा देई आणि त्यापायी घराण्याला पिढ्यानपिढ्या राबवून घेई. दादरच्या कासारवाडीत, गौतमनगरात, महापालिकेच्या सफाई कामगारांच्या या वसाहतींत, जमिनीच्या जागी खोली आली, एवढाच फरक. खोली नोकरीची. बाप निवृत्त झाला की ती रिकामी करायची. राखायची असेल तर मुलाने बापाचा झाडू उचलायचा. मुंबईत भाड्याने घर घेण्याची ऐपत सफाई कामगाराच्या घरात कुठून येणार? म्हणून पोरगा पुस्तके मिटतो आणि पहाटे चौकीवर हजेरी लावतो. पदवी घेऊन रस्ता झाडणारी मुले या वस्त्यांत आहेत. त्यांच्यावर कुणी सक्ती केली नाही, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या म्हाताऱ्या आईला रस्त्यावर काढण्याची नोटीस एकदा हातात धरून पाहावी.

बापाच्या जागी मुलाला नोकरी देणारा वारसा हक्क काढून घ्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी मिळालेली ती नोकरी कामगारांनी झगडून टिकवली आहे. ती गेली तर ही कुटुंबे उघड्यावर येतील. आमचा संताप आहे तो छपराला झाडूशी जखडून ठेवणाऱ्या नियमावर. बौद्ध, मेघवाळ, रुखी, वाल्मीकी याच समाजांची नावे हजेरीपटावर पिढ्यामागून पिढ्या येत राहतात, ती या नियमामुळे.

हे त्या परळच्या शेजारी चालले आहे, जिथल्या बी.आय.टी. चाळीत डॉ. आंबेडकर राहत होते. मार्च 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वंशपरंपरेने लादलेल्या चाकरीतून महारांना सोडवणे, हा त्यांचा हेतू होता. त्याच वर्षीच्या गिरणी संपात त्यांनी दुसरा प्रश्न विचारला : दलित कामगाराला विणकाम खात्यात मज्जाव का? धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण विणकराला दलिताचा उष्टा धोटा चालत नव्हता! चांगल्या पगाराचे काम या एका विटाळापायी बंद होते. महार वतन कायद्याने जायला 1958 साल उजाडले. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

घरे देता येत नाहीत, ही सबब आता कुणी सांगू नये. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत पोलिसांची सेवानिवासस्थाने होती. सरकारने 2022 मध्ये तिथल्या पोलिसांना 15 लाख रुपयांत मालकीचे घर देण्याचा निर्णय घेतला. योग्यच केले, पोलिसाच्या म्हातारपणाला छप्पर हवेच. मग त्याच शहराची घाण उपसणाऱ्याला का नको? महापालिकेच्या ‘आश्रय’ योजनेतून सफाई कामगारांच्या वसाहतींच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहतील. पण घर नोकरीचेच राहिले, तर विसाव्या मजल्यावरही वतन ते वतनच.

कंत्राटी कामगाराच्या नशिबी ही खोलीसुद्धा नाही. महापालिकेने त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणून दाखवले आणि कायम कामगाराच्या हक्कांपासून दूर ठेवले. 2,700 जणांना न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. 2017 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी नावांच्या स्पेलिंगवर बोट ठेवून कित्येकांना पुढेही ताटकळत ठेवले गेले. न्याय मिळूनही माणसाला खेटे घालायला लावणे हा छळ आहे, आणि त्याची जबाबदारी त्या फाइलवर सही न करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यावर आहे.

महापालिकेने ठराव करावा : ठरावीक वर्षे सेवा झालेल्या प्रत्येक सफाई कामगाराला, तो राहतो त्या वसाहतीतच, नवरा-बायको दोघांच्या नावे मालकीचे घर. किंमत पोलिसांना लावली त्याहून एक रुपयाही जास्त नको. शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाजोगे पद मिळावे. आणि हा ठराव होईपर्यंत कासारवाडीत, गौतमनगरात किंवा अन्य कुठल्याही वसाहतीत खोली रिकामी करण्याची एकही नोटीस लागता कामा नये.