टाक्या रिकाम्या झाल्या, जमिनीचे काय?

होनोलूलूजवळच्या रेड हिल टेकडीच्या पोटात अमेरिकन नौदलाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधनाच्या २० टाक्या बांधल्या. त्यांच्या तळाखाली सुमारे १०० फुटांवर शहराला पाणी पुरविणारा भूजलसाठा! २०१४ साली एक टाकी गळली, तेव्हाच शहाणपण सुचावयास हवे होते. २०२१ च्या नोव्हेंबरात हजारो कुटुंबांच्या नळांना इंधनमिश्रित पाणी आले. तेव्हा कोठे, २०२२ साली, टाक्या बंद करण्याचा हुकूम सुटला. आज त्या रिकाम्या आहेत. पण तेवढ्याने जमीन निर्मळ झाली असे नव्हे. खडकाच्या भेगांत मुरलेले तेल वर्षानुवर्षे पाझरत राहते. म्हणून विंधनविहिरी घेऊन तेथील माती व भूजल दीर्घकाळ तपासले पाहिजे आणि निष्कर्ष नागरिकांपुढे उघड मांडले पाहिजेत. ज्याच्या हातून तेल सांडले, त्याच्याच दाखल्यावर विसंबणे आम्हांस मान्य नाही.