शेतकऱ्याचा हिशेब उघडा, मक्तेदाराचा मोहोरबंद

सिहोऱ्याच्या मंडीत गहू घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने सरकारपासून काहीच झाकलेले नसते. बियाणे, खत, डिझेल, मजुरी, इतकेच काय, घरच्या माणसांनी शेतात गाळलेल्या घामाची किंमतसुद्धा कृषी खर्च व मूल्य आयोग दरवर्षी मांडतो आणि छापून प्रसिद्ध करतो. २०२५-२६ च्या खरेदी हंगामासाठी क्विंटलमागे १,१८२ रुपये खर्च धरून २,४२५ रुपये आधारभाव ठरला. मध्य प्रदेश सरकारने वर १७५ रुपये बोनस दिला. शेतकऱ्याला शंभर टक्क्यांहून अधिक नफा, असा डांगोरा मग पिटला गेला! स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलाचे व्याज या हिशेबातून वगळले आहे, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. किसान सभेची मागणी नेमकी हा समग्र खर्च धरून दीडपट भावाची आहे.

ही झाली गरीब पुरवठादाराची गोष्ट. बड्या पुरवठादाराशी हेच सरकार कसे वागते? जबलपूर जिल्हा तोफांचा नि दारूगोळ्याच्या कारखान्यांचा. तेव्हा उदाहरण संरक्षणखरेदीचेच घ्यावे. ३६ राफेल विमानांचा करार सप्टेंबर २०१६ मध्ये झाला. नोव्हेंबरमध्ये राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी एका विमानाची किंमत सुमारे ६७० कोटी रुपये असल्याचे संसदेत सांगितले. पुढे शस्त्रसामग्रीसह पूर्ण किंमत विचारली जाताच २००८ च्या गुप्तता कराराची ढाल पुढे आली. सर्वोच्च न्यायालयाला आकडे मिळाले ते मोहोरबंद लिफाफ्यात. फेब्रुवारी २०१९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला, तोही किमतीचे आकडे गाळून! सौदा २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडला, एवढे मात्र त्यात छापले होते. कशाच्या २.८६ टक्के, हे जनतेने विचारायचे नाही.

आकडे उघड झाले तर शत्रूला विमानाचे मर्म कळेल, असा युक्तिवाद केला जातो. पण विक्रेत्या कंपनीला किंमत पाईपैसह ठाऊक असते; अंधारात असते ती पैसे मोजणारी जनता.

उलट जबलपूरच्या सरकारी आयुध कारखान्यांचा खर्च वर्षानुवर्षे लेखापरीक्षणात उघड मांडला जात होता. ज्यांचा खर्च दिसत होता, त्यांचाच माल महाग ठरवण्यात आला आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशभरचे ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटून टाकण्यात आले. कामगार संघटनांनी त्याविरुद्ध बेमुदत संपाची हाक दिली होती. सरकारचे उत्तर जूनमध्येच आले होते: संपबंदीचा वटहुकूम.