फक्त भाषांतर

अभियंत्यांच्या परिसंवादांत हल्ली ‘ट्रान्सलेशनल रिसर्च’ हा शब्द फार ऐकू येतो. प्रयोगशाळेतल्या संशोधनाचं वापरायच्या वस्तूत म्हणे ‘भाषांतर’ करायचं. वीस वर्षं भाषांतरावर पोट भरते आहे, तेव्हा या शब्दावर माझाही थोडा हक्क आहे.

गेल्या वर्षी एका संस्थेने कृत्रिम गुडघ्याची माहितीपुस्तिका मराठीत करायला माझ्याकडे दिली. बसवनगुडीतल्या आमच्या घरी मी ती मामांना वाचून दाखवली. मधुमेहामुळे त्यांचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला आहे. ‘सांध्याला पाणी लागू देऊ नये’ इथे त्यांनी मला थांबवलं. “मग मोरीत काय लंगडी घालत जाऊ?” प्रश्न मी संस्थेला कळवला. उत्तर आलं : मजकूर अंतिम आहे, आपण फक्त भाषांतर करावं.

फक्त!

खरं भाषांतर जयपूरला झालं, 1968च्या सुमारास. परदेशी ‘सॅच’ पाऊल वाईट नव्हतं, पण ते बुटात घालायला घडवलेलं. त्यावर उकिडवं बसणं, मांडी घालणं, चिखलात अनवाणी चालणं जमेना. अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठींना ही अडचण दिसत होती. रबर, लाकूड आणि टायरचा धागा साच्यात घालून पाऊल घडवलं ते रामचंद्र शर्मांनी. ते कारागीर, फारसे न शिकलेले. 1981चं मॅगसेसे सेठींना मिळालं. शर्मांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? (मुखपृष्ठावर नाव नसणं आम्हा भाषांतरकारांना नवं नाही.)

दिल्लीच्या आयआयटीतली ‘स्मार्टकेन’ घ्या. साधी पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते. आमच्या रस्त्यांवर छातीशी येणारी फांदी किंवा उभ्या ट्रकची मागची बाजू सांगत नाही. ही काठी ध्वनिलहरींनी ते ओळखते आणि मुठीत थरथरते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेली ही कल्पना 2014 साली बाजारात आली, मधली कित्येक वर्षं अंध माणसांच्या हातांत तपासली जाऊन. त्या वर्षांना आपल्या विद्यापीठांत किंमत नाही. शोधनिबंध छापला, पेटंट मिळालं, की प्रकल्प ‘पूर्ण’. बढती त्यावरच. मूठ तुटली तर ती कुठे दुरुस्त होणार, यावर कुणाला पीएचडी मिळत नाही.

बाजार लहान आहे, हे नेहमीचं उत्तर. 2011च्या जनगणनेत 2 कोटी 68 लाख अपंग नोंदले गेले. एवढा वाचकवर्ग कुठल्या मराठी प्रकाशकाने स्वप्नातही पाहिलेला नाही.

माझी मागणी साधी आहे. वस्तू तयार झाल्यावर ‘अभिप्रायासाठी’ मामांना बोलावू नका. पहिल्या खर्ड्यालाच बोलवा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, निबंधावर त्यांचं नाव घाला. आणि अनुदान देणाऱ्यांनी शेवटचा हप्ता वस्तू दोन पावसाळे वापरात टिकल्यावरच द्यावा.

ती पुस्तिका मी परत पाठवली, आगाऊ घेतलेल्या मानधनासकट. मामा मोरीत जाताना प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवत जातात. गांधी बाजारातून आणलेलं. त्याच्या पायांना रबराच्या टोप्या त्यांनी स्वतःच बसवल्या.