धनुष्य आणि दप्तर

खेळाचा कारभार खेळाडूंच्याच स्वाधीन करा, ही मागणी आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या तावातावाने करण्यात येते की, खेळाडू दप्तरात येऊन बसल्यावर त्याने नेमके करावयाचे काय, हे विचारण्याचे भान कोणालाच उरत नाही. अशा वेळी मला इंगर फ्रिथ या ब्रिटिश धनुर्धर बाईंचे स्मरण होते. क्रीडासंघटनांच्या सभागृहांत अध्यक्षस्थानी स्त्री दिसणे दुर्मीळ होते त्या काळात, १९६१ पासून १९७७ पर्यंत, त्यांनी आंतरराष्ट्रीय धनुर्विद्या महासंघाचे अध्यक्षपद सांभाळले.

त्यांच्या पदरी आलेला वारसा मोठा विचित्र होता. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये क्वीनी न्यूवॉल या त्रेपन्न वर्षांच्या बाईंनी सुवर्णपदक मिळविले, एवढी या खेळाची तेथे प्रतिष्ठा. परंतु जो तो देश आपापल्या रिवाजाप्रमाणे नेम धरीत असल्यामुळे १९२० च्या अँटवर्पमध्ये बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स एवढेच जमले, उंचावरचे कृत्रिम पक्षी टिपण्याच्या यजमानांच्या पद्धतीने सामने उरकले, आणि त्यानंतर धनुर्विद्येची ऑलिंपिकमधून जी हकालपट्टी झाली ती बावन्न वर्षे टिकली. १९३१ साली ल्वूव येथे महासंघ स्थापन झाला तो सर्वांना मान्य होईल अशी एकच नियमावली घडविण्यासाठी. पुढे रूढ झालेल्या फेरीत पुरुषांसाठी नव्वद, सत्तर, पन्नास आणि तीस मीटर, प्रत्येक अंतरावर छत्तीस बाण, असा हिशेब बसला, आणि बाण ब्रुसेल्सला सोडला काय नि टोकियोला, गुणांची किंमत एकच झाली. (हे काम किती कंटाळवाणे असते, हे ज्याने एखाद्या संस्थेच्या घटनेचा मसुदा कलमवार वाचला आहे त्यालाच कळेल.)

फ्रिथबाईंच्या कारकिर्दीतच १९७२ साली म्युनिक येथे धनुर्विद्या ऑलिंपिकमध्ये परतली. इस्रायली खेळाडूंच्या हत्याकांडानंतर तहकूब झालेले खेळ पुन्हा सुरू झाले आणि ७ सप्टेंबरपासून तेथील इंग्लिश गार्डनमध्ये प्रत्येक स्पर्धकाने चार दिवसांत दोनशे अठ्ठ्याऐंशी बाण सोडले. सुवर्णपदके अमेरिकेच्या जॉन विल्यम्सच्या आणि डोरीन विल्बरच्या गळ्यात पडली. अध्यक्षांच्या गळ्यात पदक घालण्याची कोठेच चाल नाही. मला वाटते, बाईंना धनुष्य ओढता येत होते हे भूषणच खरे, पण ठराव, दुरुस्त्या आणि पत्रव्यवहार यांचा कंटाळा नसणे, हा त्यांचा त्याहून दुर्मीळ गुण होता.

हा गुण नसला म्हणजे काय होते, ते आपल्याकडे पाहावे. म्युनिकनंतरच्याच वर्षी, १९७३ साली, भारतीय धनुर्विद्या संघटना निघाली. २०१९ मध्ये तिच्या दोन गटांनी एकाच दिवशी दोन शहरांत दोन निवडणुका घेतल्या, सबब जागतिक महासंघाने तिला निलंबित केले, आणि आपली धनुर्धर दीपिकाकुमारी हिला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तटस्थ ध्वजाखाली खेळून टोकियो ऑलिंपिकची जागा मिळवावी लागली. जानेवारी २०२० मध्ये रीतसर निवडणूक झाली, तेव्हा कोठे निलंबन उठले.